गाठीचा कोपरा

आबा,

काल दुपारी एक मुलगी दुकानात आली आणि शिवणयंत्राच्या फळीवर स्वतःच्या लग्नातला शालू ठेवून म्हणाली, "कापा." नमस्कार नाही, बसणं नाही. मी म्हटलं, "अगो, आधी पाणी तरी पी." ती म्हणाली, "पाणी नको. तुम्ही लग्नातल्या साड्यांचं काय काय करून देता म्हणे. ह्याचंही करा. काय ते तुम्हीच ठरवा, फक्त बघितल्यावर ओळखता येऊ नये." मोरपंखी रंग, रुंद काठ, घडी अजून दुकानातून आणल्यासारखी. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. असंच तोंड घेऊन मी एकदा तुमच्या पडवीच्या पायरीशी उभी राहिले होते आणि तुम्ही कुणाच्या तरी होडीच्या ताडपत्रीला कडा शिवत बसला होतात.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझ्या हातांवरच्या शिरा तुमच्यासारख्या दिसायला लागल्यात. रत्नागिरीतलं हे दुकान तुम्ही बघितलंच नाही. बघितलं असतंत तर दारावरच्या पाटीला हसला असतात. लग्नातल्या जुन्या साड्यांच्या नव्या वस्तू करून मिळतील, असं रंगवलंय तिच्यावर. तुम्ही म्हणाला असतात, "पाटी कशाला हवी गो, बायकांची तोंडं काय कमी हायत?" आणि ते खरंच आहे. पाटी वाचून कुणीच येत नाही, सगळ्या ऐकूनच येतात.

ती मुलगी गेल्यावर मी शालू उलगडून खिडकीशी धरला. तुम्ही धरायचात तसा, दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून. कापड असं बघायची सवय मला लागली ती तुमच्यामुळे, आणि ती सवय एका शालूवर लागली, हे आठवून मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. म्हणून हा कागद घेतला.

तुम्ही शिडं शिवणारे. मी लहान असताना आपल्या अंगणात जाडंभरडं पांढरं कापड पसरलेलं असायचं आणि त्यावर पाय द्यायचा नाही, हा आपल्या घरातला पहिला नियम होता. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर माझी वेणीसुद्धा तुम्हीच घालायचात आणि ती इतकी घट्ट बसायची, की शाळेतल्या बाई म्हणायच्या, आज बापाने घातली वाटतं. मग खाडीतल्या एकेका होडीला इंजिन बसत गेलं. आधी मोठे मचवे, मग लहान होड्या. शिडाचं काम वर्षाला एखादं, मग तेही नाही. दाभण, मेणाचा गोळा, दाभण रेटायला तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन बसलं. पावसाळ्याआधी लोकांच्या ताडपत्र्या शिवून द्यायचात आणि शिवताना त्यांच्याकडे अशा तुच्छतेने बघायचात, की मला हसू यायचं.

तो माणूस मला बघायला आला ते ह्याच दिवसांत. हेदवीकडचं घर, मुलगा मुंबईला गोदीत. पांढरा सदरा घालून आला होता. चहा देताना माझ्या हातून तो बशीत सांडला, तर त्याने कुणाला दिसू न देता तो बशीतला चहा पिऊन टाकला आणि रिकामी बशी माझ्या हातात दिली. मंडळी गेल्यावर तुम्ही मला विहिरीकडे गाठलंत आणि दुसरीकडे बघत विचारलंत, "कसा वाटला?" मी पोहरा ओढत म्हटलं, "तुम्ही ठरवाल तसं." चांगल्या घरातली मुलगी तेव्हा हेच म्हणायची. तुम्ही मान हलवलीत आणि ठरवलंत.

शालू खरं तर त्यांच्याकडून यायचा. पण आईविना वाढवलेली पोर, म्हणून तुम्ही हट्ट धरलात, की शालू मीच घेणार. आपण दोघं एसटीने रत्नागिरीला आलो. दुकानदार गादीवर एकावर एक शालू टाकतोय आणि तुम्ही प्रत्येकाचं टोक धरून दुकानाच्या दारापर्यंत नेताय, उजेडात ताणताय. तो शेवटी कंटाळून म्हणाला, "काका, हा नेसायचा आहे, डोलकाठीला लावायचा नाही." तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणून तर बघतोय. शीड फाटलं तर दुसरं चढवता येतं." मी शरमेने अर्धी झाले होते. तुम्ही निवडलेला शालू डाळिंबी होता. दुकानातल्या सगळ्यांत चांगला तोच होता, हे मला आज कळतं.

दीड वर्षाने मी परत आले. मुंबईत त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. हे हेदवीला सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कळलं तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. एका हातात ती आणि पाठीमागे गड्याच्या डोक्यावर माझी ट्रंक, अशी जयगडची खाडी होडीने ओलांडून मी आपल्या पायरीशी आले. तुम्ही मान वर केलीत. सुई ताडपत्रीत तशीच टोचून ठेवलीत आणि म्हणालात, "आलीस? हातपाय धू. भात झालाय." पुढे कित्येक दिवस ट्रंक माजघरात भिंतीला लागून होती. मी केर काढताना तिच्या बाजूने काढायचे, तिला हलवायचे नाही.

वैशाखात तुम्ही घरातल्या कपड्यांना ऊन दाखवायला काढलंत आणि मला न विचारता ट्रंकही उघडलीत. मी विहिरीवरून येते तर डाळिंबी शालू अंगणातल्या दोरीवर पसरलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. माझ्या अंगाची आग झाली. मी तो ओढायला धावले, तर तुम्ही हात मध्ये घातलात. "बघ," म्हणालात आणि घडीची रेघ माझ्यापुढे धरलीत. रेशीम त्या रेघेवर विरायला लागलं होतं, उभा धागा जागोजागी तुटलेला. "कापड घडीवर फाटतं गो बाय. नेसून एवढं फाटत नाय, जेवढं घडी घालून ठेवून फाटतं."

"फाटू दे. कुजू दे."

"माणूस वाईट निघाला. ह्या कापडानं काय केलंन?"

तेव्हा मी जे बोलले ते तुम्ही विसरला नव्हतात, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, "माणूस तुम्ही निवडलात आणि शालूही तुम्हीच निवडलात. दोन्ही तुमचेच. ठेवा तुमच्याजवळ." कडेवर मुलगी होती. ती माझा आवाज ऐकून रडायला लागली. तुम्ही शालू दोरीवरून काढलात, हातावर गोळा केलात आणि पडवीत निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिस्किटांचा डबा बाहेर आला. मी दारातून बघतेय आणि तुम्ही पडवीत पाय पसरून माझा शालू कापताय. जिथे घडीने खाल्लं होतं तिथूनच सुरुवात केली होतीत, म्हणजे चांगलं कापड वाया जाणार नाही. मला ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? आदल्या दिवशी मीच दिला होता. संध्याकाळी तुम्ही माझ्या मुलीच्या डोक्यावर तुमची पहिली वस्तू बसवलीत, कुंची. आबा, ती कुंची! तुम्हाला येत होती ती एकच शिवण, कडा एकीत एक अडकवून दोनदा दुमडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट आवळायची. वादळात शिडाचा कपडा फाटेल पण शिवण सुटायची नाही, अशी. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर ते डाळिंबी प्रकरण ताठ उभं राहिलं आणि मागचा घोळ वाऱ्याने फुगला. मुलगी डोळे मोठे करून बसली, रडायचंही विसरली. मी हसले. आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि मग ते थांबेना. तुम्ही रागावल्यासारखं केलंत. "हसतंस काय? दर्यावर नेलीस तरी उडायची नाय."

त्याच दिवशी तुम्ही मला पदराचा एक कोपरा दिलात, हातभर लांब. त्याला तुम्ही कात्री लावली नव्हती. लग्नात नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ मारली होती ती ह्याच कोपऱ्याला. सुपारी आणि हळकुंड बांधलं होतं तिथे कापड चुरगळून कायमचं गोल बसलं होतं. "ह्याचं मला ठरवता येत नाय," म्हणालात. "तुझं तू बघ." मी म्हटलं, "खाडीत टाकते." दोन दिवसांनी तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं, टाकला. तुम्ही "बरं" म्हणालात आणि सुई ओवायला लागलात.

पुढच्या शिमग्याला ते झालं, जे अजून लोक मला सांगतात, जशी काही मी तिथे नव्हतेच. देवीच्या पालखीवर घालायचं छत जुनं होऊन चिरलं होतं आणि ते दुरुस्त करायचं काम दरवर्षी तुमचंच. तुम्ही या वेळी दुरुस्त केलं नाहीत. माझ्या शालूचा उरलेला चांगला भाग घेऊन नवंच शिवलंत. पालखी निघायच्या दिवशी सकाळी ते घेऊन पालखी ठेवतात त्या सहाणेवर गेलात आणि मी मुलीला घेऊन मागे. शेजारच्या काकीने रंग ओळखला. काकी वाईट बाई नव्हती, पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "हा हिचा शालू नव्हं? टाकलेल्या बाईचं कापड देवीवर? जमायचं नाय, सांगून ठेवतंय."

मानकरी पायाने जमीन उकरतायत. माझे कान तापले, मी मागे वळायला लागले. तुम्ही माझं मनगट धरलंत, घट्ट, वेणी घालायचात तसं. आणि काकीला म्हणालात, "टाकलेली म्हणू नको. आलेली म्हण. माझ्या घरी आलेली हाय ती. आणि देवीला आवडलं नाय तर देवी मला सांगेल, तुला कशाला सांगेल?" मानकऱ्यांपैकी एकाने हळूच छत हातात घेतलं. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही, पण बांधलं.

आणि मग पालखी उचलली, वाडीच्या उतारावरून खाडीच्या अंगाला वळली आणि समोरून वारा आला. तुम्ही आयुष्यभर शिडं बेतलेली. शिडाला पोट ठेवतात, सपाट कापलं तर वारा धरत नाही. तुमच्या हाताने सवयीने छतालाही पोट ठेवलं होतं. ते भरलं. एकदम टम्म भरलं आणि पालखी पुढे ओढायला लागली. पुढचे दोघे भोई धावायलाच लागले, मागचे म्हणतायत, अरे थांबवा, आणि कुणीतरी ओरडलं, "आबा, देवीला कुठल्या बंदराला धाडताय?" आख्खी वाडी हसली. ढोलवालाही हसता हसता ताल चुकला. सगळ्यांत मोठ्याने काकी हसत होती, पदराने डोळे पुसत. तुम्ही तेवढे कपाळाला हात लावून, "पोट ठेवायला नको होतं, पोट ठेवायला नको होतं," म्हणत पालखीमागे धावत होतात. त्या हसण्यात मीही होते, बाजूला काढलेली नव्हते. एवढं झालं आणि पुढे कुणी मला टाकलेली म्हटलं नाही. म्हटलं असेल तर घरात म्हटलं असेल.

आठ दिवसांत काकी आली. तिच्या हातात तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं होतं. नातीची कुंची करून दे म्हणाली, "पण बापाला नको देऊ शिवायला, तू शीव." तेव्हा मी शेजारगावच्या शिवणवर्गात जायला लागले होते. मी ते लुगडं नीट बघितलं, पदरावर एके ठिकाणी पिवळा डाग होता, तो भाग कापून बाजूला टाकला आणि स्वच्छ कापडाची सुबक कुंची केली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. काकीने कुंची उलटीपालटी केली आणि म्हणाली, "हळदीचा डाग कुठाय?" हळदीच्या दिवशी तिच्या नवऱ्याने मस्करी करताना पदराला बोट लावलं होतं. तो माणूस होडीवर गेला तो परत आला नव्हता. काकी कुंची मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिली.

त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात तसं आधी कधी बोलला नव्हतात. "कापड बघायच्या आधी बाईला विचारायला तोंड नव्हतं तुला? तो डाग म्हणजेच तिचं लगीन गो! बाकी सगळं दुकानात मिळतं." आणि तुम्ही उठलात, परसातल्या केराच्या ढिगात हात घातलात आणि माशांची खवलं, नारळाच्या शेंड्या बाजूला करत तो तुकडा शोधून काढलात. तो डाग कुंचीच्या आत, कानाशी येईल असा तुम्हीच शिवलात, तुमच्या त्या शिडाच्या शिवणीने. काकीची नात आता स्वतः आई आहे. कुंची फाटली, ती शिवण अजून आहे.

तेव्हापासून मी आधी विचारते. कुणी शालूचे गणपतीमागचे पडदे करून घेतं, कुणी पोथीला गुंडाळायचं बासन, कुणी मुलीला परकर. एकीने नवऱ्याच्या आजारपणात त्याच्या पाठीखाली ठेवायला तिच्या पिवळ्या रेशमी साडीची मऊ उशी करून घेतली. बुरोंडीची एक म्हातारी आली, तिला गोधडी हवी होती आणि मधोमध लग्नातल्या साडीचा चौकोन, "झोपताना हात त्याच्यावर पडला पाह्यजे." मी करते. सपाट करते, पोट ठेवत नाही. हे सगळं तुमच्या त्या दिवशीच्या एका रागातून उभं राहिलं आणि मुलीचं शिक्षण, हे दुकान, सगळं त्यावर झालं.

पण मला खरं सांगायचंय ते हे नाही. शेवटच्या पावसाळ्यात तुम्ही अंथरुणाला होतात. मी पेज भरवत होते. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "तुझ्या वेळेला मी चुकलो गो बाय. कापड एवढं ताणून बघितलं आणि माणूस बघितला नाय." मी चमचा वाटीत ठेवला. मला तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, "झालं ते झालं, पेज गार होतेय." आणि तुम्ही पेज प्यायलात. ती चूक तुमच्याच डोक्यावर ठेवून मी तुम्हाला जाऊ दिलं.

काल त्या मुलीला मी विचारलं, "कापते. सगळं कापते. पण ह्यातला एखादा भाग असा आहे का, जो तसाच राहू दे वाटतं?" ती चिडली. नाही म्हणाली. दारापर्यंत गेली, परत आली, शालू उलगडला, बराच वेळ शोधत राहिली आणि निऱ्यांपाशी एका जागेवर बोट ठेवलं. तिथे काय होतं, मला दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी खडूने तिथे गोल केला. मग ती बसली आणि पाणी प्यायली. बाकीच्याचं भाचीला परकर-पोलकं करा म्हणाली, भाचीला मोरपंखी आवडतो.

ती गेल्यावर मी तुमचा बिस्किटांचा डबा काढला. दाभण आहे, मेण आहे, पट्टा कडक झालाय. आणि सगळ्यांच्या खाली तो कोपरा आहे. मी तो खाडीत टाकला नव्हता, आबा. गाठीची चुरगळ अजून गेलेली नाही. उद्या तो माझ्या मुलीच्या त्या जपून ठेवलेल्या डाळिंबी कुंचीला आतून लावणार आहे, तुमच्याच शिवणीने. हा कागद घडी घालून ठेवत नाही, तुम्ही शीड गुंडाळायचात तसा गुंडाळून डब्यात ठेवते.

तुम्ही विहिरीवर विचारलं होतंत, कसा वाटला. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल तसं. तुम्ही काही ठरवलं नव्हतंत, आबा. मला तो आवडला होता. बशीतला चहा प्यायला तेव्हाच आवडला होता आणि तो शालू नेसून मी उभी होते, त्या दिवशी मी फार सुखात होते.